जुनी स्टेशन वॅगन गरम होते तेव्हा: बिघाड शोधण्याचा क्रम

2004 साली बाजारात आलेली टाटा इंडिगो मरिना ही स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानाला मोठी जागा असलेली लांब गाडी, मराठवाड्यातील काही घरांत अजूनही रोजच्या वापरात आहे. घरची माणसे, त्यांचे सामान आणि प्रसंगी खत-बियाण्यांच्या पिशव्या एकाच फेरीत नेणारी ही गाडी मालक सहजासहजी विकत नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांची 15 वर्षांची मूळ नोंदणी मात्र आता संपली आहे आणि पुढे दर 5 वर्षांनी आरटीओची तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. पुढील मजकूर तिच्या 1405 सीसी डिझेल इंजिनाला धरून लिहिला आहे; त्यातील बराच भाग इतर जुन्या डिझेल गाड्यांनाही लागू पडेल. कोणताही सुटा भाग बदलण्यापूर्वी तो खरोखरच निकामी झाला आहे याची चाचणी घेतलीच पाहिजे, असा माझा ठाम आग्रह आहे, कारण जुन्या गाडीवर होणारा पुष्कळसा खर्च अंदाजाने बदललेल्या चांगल्या भागांवर वाया जातो.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सर्वांत आधी तक्रार येते ती इंजिन गरम होण्याची. ते नेमके कधी गरम होते, याकडे प्रथम लक्ष द्यावे. गाडी सिग्नलला किंवा बाजारात उभी असताना तापमानाचा काटा वर चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर तो खाली येत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा असतो. पंख्याच्या मोटारीच्या मूळ वायरी काढून ती वेगळ्या वायरींनी थेट बॅटरीला जोडावी. ती जोरात फिरली तर फ्यूज, रिले आणि तापमानाचा स्विच तपासावा. फिरली नाही किंवा रडतखडत फिरली तर मोटारच खराब आहे. उलट, उभ्या गाडीत काटा जागेवर राहतो, पण कन्नडचा औट्रम घाट चढताना किंवा भरल्या गाडीने वेग धरताना तो वर जातो, अशा वेळी रेडिएटरमधून पाणी किंवा हवा पुरेशी जात नाही असे समजावे.

हवा अडण्याचे कारण आपल्या भागात हमखास आढळते. सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि काळ्या रानातली बारीक धूळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचत जाते, आणि ती समोरून दिसत नाही. त्यामुळे दोन्हींमधली जागा टॉर्चच्या उजेडात पाहावी आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला पाण्याची मंद धार सोडून कचरा बाहेर काढावा. सर्व्हिसिंग सेंटरवरील जोराच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

पाणी अडण्याचे कारण म्हणजे बोअरचे पाणी. ते जड असते, आणि त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आतून थर धरतात. गाडी गरम झालेली असताना इंजिन बंद करून इन्फ्रारेड तापमापकाने रेडिएटरचे तापमान जागोजागी मोजावे. इतर भागापेक्षा स्पष्टपणे थंड लागणारे पट्टे म्हणजे बुजलेल्या नळ्या होत. थर फार जुना असेल तर रसायनाने धुण्यापेक्षा रेडिएटर बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नंतर डब्यावरील सूचनेनुसार कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावे आणि इंजिन सुरू ठेवून आतली हवा पूर्ण निघू द्यावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये: हवेच्या दाबापेक्षा सुमारे 1 बार जास्त दाबाखाली पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण उघडताच दाब सुटून ते वाफेसह चेहऱ्यावर उसळते. याच कारणाने झाकणाचे रबर फाटले असेल, तर पाणी लवकर उकळून बाहेर पडते. ते झाकण स्वस्त असल्यामुळे आधी तेच पाहावे.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याची सवय अनेक मिस्त्रींना आहे. ती मला मान्य नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडीत योग्य तापमानाला पोहोचत नाही, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते. शिवाय ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो, तिथे तो काढल्यास काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहते. तो चांगला आहे की नाही हे घरीच कळते: पातेल्यातील पाण्यात तारेने लोंबकळत ठेवून पाणी तापवावे, बहुतेक थर्मोस्टॅट 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडू लागतात.

एवढे करूनही पाणी कमी होत असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलची, शंका घ्यावी. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होणे, किंवा ऑइलला दुधाळ रंग येणे, यांपैकी एकही खूण दिसली तर गाडी पुढे चालवू नये. हेड वाकले तर खर्च कितीतरी वाढतो.

हिवाळ्यात परभणीकडे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा गाडी सुरू न होण्याच्या तक्रारी येतात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) मंद फिरत असेल, तर सेल्फ मारत असताना बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनचा धातू यांमधले व्होल्टेज मोजावे. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आल्यास अर्थिंगची पट्टी साफ करावी किंवा बदलावी. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर हीटर प्लगची (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आतली हवा तापवणाऱ्या प्लगची) वायर काढून रोध मोजावा: 1-2 ओहमच्या आत असल्यास प्लग ठीक, आणि मीटर अनंत रोध दाखवत असेल तर तो जळालेला आहे. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत असल्याची शंका असल्यास फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा. बुडबुडे दिसले तर सांधे आणि फिल्टरचे ओरिंग तपासावे.

खड्ड्यांतून समोर खटखट येत असेल तर आधी सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि आर्मचे बुश (रबरी सांधे) पाहावेत. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, घोडी (जॅक स्टँड) लावावीच.

जुनी मरिना विकत घेतली असेल आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला याची लेखी नोंद हाती नसेल, तर बेल्ट वरून कितीही चांगला दिसला तरी टेन्शनरसह (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकासह) तो लगेच बदलावा. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, आणि त्यानंतर हेड उतरवण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.