परदेशात टॅक्सी अ‍ॅप वापरताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

हल्ली आपल्या नाशिकमधनं बँकॉक, दुबई, व्हिएतनामला जाणारे भरपूर झालेत, आणि बऱ्याच जणांचा पहिला गोंधळ होतो तो एअरपोर्टच्या बाहेर, टॅक्सी करताना. तिथे उतरल्यावर अ‍ॅप डाउनलोड करायला घेतात, इथल्या सिमला रेंज नसते, ओटीपी येत नाही, पोरं कंटाळलेली, मग जो समोर येईल त्याच्या गाडीत बसायचं आणि मागेल ते द्यायचं. अहो, हे घरी बसून दहा मिनिटांत होणारं काम आहे.

आधी तिथे कोणतं अ‍ॅप चालतं ते बघा. थायलंड, व्हिएतनाम, सिंगापूर, मलेशियात उबर नाही, 2018 मध्येच त्यांनी तिकडचा धंदा ग्रॅबला विकला, त्यामुळे ग्रॅब घ्या. दुबईत उबर आणि करीम दोन्ही चालतात. कार्ड जोडण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, कारण आरबीआयच्या नियमामुळे 2020 पासून नवीन कार्डवर ते बंदच येतात आणि लोक उगाच टॅक्सीच्या अ‍ॅपला दोष देतात. तरी कार्ड घेतलं नाही तर ग्रॅबमध्ये कॅश निवडा. इथे सीबीएसला उतरून स्कॅन केलं की झालं, तसं तिथे यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

कॅशवरून आठवलं, व्हिएतनामची 20,000 डाँगची नोट निळी आणि 500,000 ची पण निळसरच. रात्री गाडीतल्या अंधारात 20,000 समजून 500,000 दिली की पंचवीसपट पैसे गेले! मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि देताना मोबाईलचा टॉर्च लावून शून्य मोजा, लाज कसली त्यात.

आता पिकअपचं. "दादा, मुंबई नाक्याला त्या मेडिकलसमोर उभा आहे" हे आपल्याकडे फोनवर चालतं, तिथे ड्रायव्हरला आपली भाषाच कळत नाही. मोठ्या टर्मिनलमध्ये जीपीएसला मजला कळत नाही, म्हणून आधी गेटपाशी जाऊन उभे राहा, अ‍ॅपमध्ये तोच गेट नंबर निवडा आणि मगच बुक करा. दुबई, व्हिएतनाममध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपण सवयीने पलीकडे उभे राहतो आणि गाडी समोरून निघून जाते. बँकॉकला तर एअरपोर्टच दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, परतीच्या दिवशी तिकिटावर बघूनच नाव टाका, नुसतं एअरपोर्ट टाकून पहिला पर्याय दाबला तर फ्लाइट हुकेल.

आणि ड्रायव्हर म्हणाला की राइड कॅन्सल करा, कॅशमध्ये स्वस्तात सोडतो, तर सरळ नाही म्हणा. ट्रिपची नोंदच राहिली नाही तर उद्या पासपोर्टची बॅग डिकीत राहिल्यावर गाडी शोधणार कुठे? बसण्याआधी नंबर प्लेट अ‍ॅपशी जुळवा आणि त्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकून द्या.