बॅकगॅमन: पळायच्या आधी बसायला जागा धरा

आत्याने मला बॅकगॅमन, म्हणजे दोन फाशांवर सोंगट्या पळवून पटाबाहेर काढायचा खेळ, शिकवला, तेव्हा पटावर तिच्या घरात (तिच्या वाटेच्या शेवटच्या सहा खणांत) अडकलेल्या माझ्या मागच्या दोन सोंगट्या घेऊन मी पहिल्या दानापासून पळत सुटायचो. वाटेत एक मारली जायची आणि तिला पुन्हा सुरुवातीपासून यावं लागायचं, पाठोपाठ दुसरी. आत्या शांतपणे म्हणायची, "अरे, निघालास कुठे? आधी बसायला जागा धर."

जागा म्हणजे अँकर: समोरच्याच्या घरात एकाच पॉइंटवर (खणावर) तुमच्या दोन सोंगट्या. तिथे त्यांना कोणी हात लावू शकत नाही, आणि मार खाल्लात तर परत शिरायला एक दार कायम उघडं राहतं. सगळ्यात भारी त्याचा पाचवा पॉइंट (त्याच्या घराच्या टोकाकडून मोजून), त्याखालोखाल चौथा. पहिल्या पॉइंटवरचा अँकर मला तरी नाइलाजाचा वाटतो.

पाचव्या पॉइंटवर सुरुवातीला एकटी सोंगटी टाकायला मी घाबरायचो. मग हिशेब कळला. तिथे माझी सोंगटी मेली तर माझं नुकसान फक्त 5 पावलांचं. पण मारणाऱ्याची सोंगटी तिथे एकटी राहिली आणि मी तिला उलट मारलं, तर त्याची 20 पावलं बुडतात. समोरच्याचं घर रिकामं आहे तोवरच हा धोका पत्करा. त्याने तीन-चार पॉइंट बांधले (प्रत्येकावर दोन किंवा जास्त सोंगट्या ठेवल्या) की नाही.

एकटी सोंगटी ठेवावीच लागली, तर अंतर मोजा. मध्ये अडथळे नसतील तर 6 पावलांवरच्या सोंगटीला 36 पैकी 17 दानं मारतात, 7 पावलांवर फक्त 6. एक पाऊल मागे सरकलं की एवढा फरक! फार जवळ असाल तर अगदी चिकटून राहा: 1 पावलावर 11 दानं.

डाव हातचा गेला असं वाटेल तेव्हा अँकर धरून वाट बघायची, पण आपलं घर शाबूत ठेवून. मागच्या रविवारी आत्याची एकटी सोंगटी मी शेवटी मारली, आणि तोवर माझ्या घरात बांधलेले उरले होते दोनच पॉइंट. तिला आत यायला 36 पैकी 32 दानं चालत होती. आली, आणि हसत निघूनही गेली. पाच पॉइंट बांधलेले असते तर तिला फक्त 11 दानं उरली असती. म्हणून वाट बघताना चाली खर्च करायला दुसरीकडे एक-दोन सोंगट्या मोकळ्या ठेवा, नाहीतर प्रत्येक दानाला स्वतःचंच घर मोडावं लागतं.

आणि गॅमनवर, म्हणजे एकही सोंगटी बाहेर न काढता होणाऱ्या दुप्पट हारीवर, डोळा ठेवा. सगळ्या सोंगट्या घरात आणून एक बाहेर काढायला किती पावलं लागतील ते मोजा, आठने भागा. एका दानाची सरासरी आठच्या थोडी वर असते. समोरचा दर दानाला साधारण दोन सोंगट्या काढतो. त्याची दानं तुमच्याइतकीच उरली असतील, तर अँकर सोडून निघा.