जुन्या एमजीबीचं तेल आणि फिल्टर

माझ्या एमजीबीच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, १७९८ सीसी इंजिनात मी २०डब्ल्यू-५० या जाड ग्रेडचं मिनरल तेलच घालतो. महाग सिंथेटिक एकदा घातलं, तर जुन्या सीलांतून ते ठिबकायला लागलं.

डब्यावर ग्रेडच्याही आधी झेडडीडीपी शोधा, म्हणजे झिंक आणि फॉस्फरस असलेलं, झीज रोखणारं रसायन. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सपाट टॅपेटवर, म्हणजे त्याखालच्या सपाट तोंडाच्या भागावर, घासत फिरतो; मध्ये रोलर नाही. तिथली झीज हेच रसायन रोखतं. नव्या गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जपायला फॉस्फरस ८०० पीपीएमच्या (दहा लाखांत ८०० भाग) आत ठेवतात. आपल्याला साधारण १२०० हवा, तोही मुळात तेलातच असलेला. वर वेगळी झिंकची बाटली ओतू नका, अतीही वाईटच.

फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसत असेल, तर आत अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन बंद असताना फिल्टरमधलं तेल खाली वाहू न देणारी झडप, हवाच. माझ्या पहिल्या स्वस्त फिल्टरमध्ये तो कुचकामी होता. रोज सकाळी स्टार्ट केलं की तेलाच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत चार सेकंद खडखडाट! ऐकवत नसे.

जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनाच्या ब्लॉकला चिकटून राहिलंय का, बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर सगळं तेल जमिनीवर. नव्या रबराला तेलाचं बोट लावा आणि हातानेच आवळा, पाना नको.