पाटीवरचे वॅट आणि प्रत्यक्षातले वॅट: वीजकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयच्या पहिल्या वर्षाला असलेल्या किंवा एखाद्या मिस्त्रींकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांना दोन सूत्रे पाठ असतात, हे मी गृहीत धरतो. दाबाला (व्होल्टेज) धारेने (करंट) भागले की रोध (रेझिस्टन्स) मिळतो आणि दाबाला धारेने गुणले की शक्ती (पॉवर) मिळते. परंतु त्या सूत्रांत कोणते आकडे घालायचे, हे पाठांतराने कळत नाही. दाब आणि धारा एकाच वेळी, एकाच उपकरणावर मोजलेल्या असतील तरच उत्तराला अर्थ असतो.

मालवण परिसरातील घरांमध्ये आणि लॉजमध्ये रोज भेटणारे उदाहरण घेऊ. गिझरच्या पाटीवर ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ असे लिहिलेले असते. २००० ला २३० ने भागल्यास धारा ८.७ अँपिअर येते आणि २३० ला ८.७ ने भागल्यास रोध सुमारे २६.५ ओहम येतो. येथपर्यंत कोणी चुकत नाही. आता वाडी ट्रान्सफॉर्मरपासून लांब, डोंगरउतारावर आहे आणि संध्याकाळी सगळ्यांचा वापर एकदम वाढल्यामुळे दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला आहे, असे समजा. गिझर आता किती धारा घेईल? बहुतेक जण २००० ला १८० ने भागतात आणि ११.१ अँपिअर असे उत्तर देतात. ते साफ चूक आहे, आणि मी स्वतः दीर्घकाळ हेच उत्तर बरोबर समजत होतो, म्हणून हा भाग सावकाश सांगतो.

पाटीवरचे २००० वॅट हा गिझरचा कायमचा गुण नाही. २३० व्होल्ट दिल्यास काय घडेल, एवढेच ती पाटी सांगते. दाब बदलला तरी जवळपास तसाच राहतो तो आतल्या कॉइलचा रोध. म्हणून १८० ला २६.५ ने भागावे, म्हणजे धारा ६.८ अँपिअर येते. तिला पुन्हा १८० ने गुणावे, म्हणजे शक्ती सुमारे १२२५ वॅट येते. दाब साधारण २२ टक्के उतरला, पण शक्ती जवळजवळ ३९ टक्के घटली, कारण दाब कमी झाला की त्याच्यासोबत धाराही कमी होते आणि दोन्हींचा गुणाकार दुप्पट वेगाने खाली येतो. पंधरा लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जिथे सुमारे १६ मिनिटे पुरली असती, तिथे आता सुमारे २६ मिनिटे लागतात. घरमालक म्हणतो की गिझर बिघडला, आणि मोजमाप न करणारा कारागीर चांगली कॉइल बदलून मोकळा होतो.

तीन अक्षरांचा त्रिकोण काढून, त्यातील एक अक्षर बोटाने झाकून उत्तर काढण्याची युक्ती शिकवली जाते. माझे स्पष्ट मत आहे की ती सोडून द्यावी, कारण काय स्थिर आहे आणि काय बदलते आहे, हा प्रश्न तो त्रिकोण कधीच विचारत नाही. गणिताची भीती मात्र बाळगू नका. भागाकार, गुणाकार आणि वर्ग यांपलीकडे येथे काहीही लागत नाही.

रोध स्थिर असतो हे गिझरपुरते खरे आहे, सगळीकडे नाही. १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम येतो. तोच थंड बल्ब मल्टीमीटरने मोजल्यास त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी रोध दिसतो. दोन्ही मोजमापे बरोबरच आहेत, कारण टंगस्टनचा रोध तापमानासोबत वाढतो. विहिरीवरच्या पंपाची गोष्ट आणखी वेगळी आहे. मोटरच्या वाइंडिंगचा रोध मोजून त्याने २३० ला भागल्यास जी अवाढव्य धारा येते, ती चालत्या मोटरमध्ये नसते. शिवाय मोटरची खरी शक्ती काढताना दाब आणि धारेच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारापैकी किती भाग खरी शक्ती होते, ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणावे लागते: २३० व्होल्ट, ६ अँपिअर आणि ०.८ पॉवर फॅक्टर असल्यास ती १३८० नव्हे, तर ११०४ वॅट असते. दाब उतरल्यावर गिझरची धारा घटते, पण भाराखाली चालणाऱ्या मोटरची धारा वाढते आणि वाइंडिंग तापते. कलमांना पाणी देण्यासाठी उतरलेल्या दाबावर तासन्‌तास पंप चालवणाऱ्यांना हे आधी सांगा.

किनाऱ्यालगत आणखी एका रोधाचा हिशेब ठेवावा लागतो. खाऱ्या हवेने टर्मिनल गंजले की त्या सांध्यात अर्धा ओहम रोध सहज तयार होतो. गिझरची साधारण ८.५ अँपिअर धारा त्यातून गेली, तर धारेचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने त्या एवढ्याशा जागेत ३६ वॅट उष्णता निर्माण होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लगटॉप का काळे पडतात ते कळते. येथे २३० व्होल्टने गणित करू नका; सांध्याच्या दोन टोकांमधला दाबच घ्यायचा असतो, आणि तो सुमारे सव्वाचार व्होल्ट असतो.

अनेक मिस्त्री ‘चार एमएमची वायर टाक’ एवढेच सांगतात. त्यांचा अंदाज बहुधा बरोबर असतो, पण त्यातून शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आकडे वहीत मांडायला लावणारे मिस्त्री भेटले, तर पैसे थोडे कमी मिळाले तरी त्यांच्याकडेच राहावे.

चालू लाइनवर ओहमची रेंज कधीही लावू नका. त्यात मीटर जातोच, हातही भाजू शकतो. तारेभोवती जबडा अडकवून धारा मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये फक्त फेज घ्या, कारण फेज आणि न्यूट्रल एकत्र घेतल्यास धारा शून्य दिसते. उपकरण चालू ठेवूनच त्याच्या टर्मिनलवरचा दाब वाचा आणि त्याच वेळची धारा त्याच्याशेजारी लिहा.