क्रायस्लर बिल्डिंग: स्टील रंगवायचं नसतं, सोडायचं असतं

पहिल्यांदा न्यूयॉर्कमधली गगनचुंबी क्रायस्लर बिल्डिंग शाई आणि जलरंगात काढली तेव्हा मी खिडक्या मोजत बसले होते. ७७ मजले, एकही सुटायला नको! चाळिसाव्या मजल्याशी पोचल्यावर कागद लांब धरून पाहिला, तर इमारतीची किसणी झाली होती. तेव्हापासून या इमारतीचं डोकं मन लावून काढते, धड नावापुरतं.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, किंचित खरखरीत, उभा. पेन्सिलीने मधोमध एक उभी रेघ मारा, सगळा तोल तिच्यावर आहे. पट्टी वापरायची ती इथेच. शाईला पट्टी लावली की चित्राचा नकाशा होतो, शिवाय शाई पट्टीखाली झिरपते ती वेगळीच. इमारतीखालच्या ४२व्या रस्त्यावर उभं राहून वर बघितलं तर कडा आत झुकतात. सुरुवातीला त्या भानगडीत पडू नका. लांबच्या उंच गच्चीवरून दिसते तशी काढा, कडा सरळ राहतात.

आता मुकुट, म्हणजे इमारतीचा स्टीलने मढवलेला माथा. एकामागून एक डोकावणाऱ्या सात कमानी. सगळ्यांत खालची, रुंद कमान आधी काढा. तिच्या मागून दुसरी, जरा अरुंद, जरा उंच. अर्धवर्तुळं काढू नका, मुकुट बुटका दिसतो. अंड्याचं निमुळतं टोक वर यावं तशी कमान ताणलेली हवी. दोन कमानींमधल्या पट्ट्यात त्रिकोणी खिडक्या, सूर्याच्या किरणांसारख्या फाकलेल्या. हे त्रिकोण मी शाईने थेट भरते. चित्रातला सगळ्यांत गडद काळा तोच, आणि त्याच्याशेजारीच कोरा कागद.

६१व्या मजल्याच्या कोपऱ्यांवर स्टीलचे गरुड आहेत, १९२९च्या क्रायस्लर गाडीच्या बॉनेटवरच्या चिन्हावरून घडवलेले. पिसं काढायला जाऊ नका. बाहेर झेपावलेली मान आणि चोच, दोन फटकारे पुरे. खाली धडावर मधल्या भागात उभ्या तुटक रेघा, कोपऱ्यांवर आडव्या. विटा पांढऱ्या आणि करड्या आहेत, एवढ्या रेघांत ते कळतं.

शाई पाण्याने न पसरणारीच हवी. पेनावर तसं छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता, पहिल्याच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या हातात, सातही कमानी वाहून गेल्या. रद्दी कागदावर रेघ मारा, दहा मिनिटांनी ओलं बोट फिरवा, मगच पुढे.

रंग तीनच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, थोडा यलो ऑकर. पहिले दोन मिसळून हवा तसा करडा मिळतो, ट्यूबमधला तयार काळा मेलेला दिसतो. आधी आकाश, मुकुटाभोवती चांगलं गडद. ते गडद झालं नाही तर स्टील चमकणारच नाही, मग कितीही करडा लावा. उजेड डावीकडून धरला असेल तर प्रत्येक कमानीच्या उजव्या कुशीला निळसर करड्याची एक बारीक पट्टी, कुठेतरी ऑकरचा थेंब. बाकी कागद तसाच. धातूवर सावलीची कड कापल्यासारखी राहू द्या, ओल्या कुंचल्याने विरघळवायची ती विटांवरची.

वरची सुई अगदी शेवटी. बांधणाऱ्यांनीही ती शेवटीच बाहेर काढली होती: ४० वॉल स्ट्रीट या न्यूयॉर्कमधल्याच दुसऱ्या इमारतीशी उंचीची चढाओढ चालली होती, म्हणून वास्तुरचनाकार विल्यम व्हॅन ॲलन यांनी ती इमारतीच्या आत गुपचूप तयार करवली आणि २३ ऑक्टोबर १९२९ला दीडेक तासात वर चढवली. इमारत ३१९ मीटरवर गेली ती तिच्यामुळेच.

आकाश पूर्ण वाळल्यावर टाक घ्या आणि कागद उलटा फिरवा. निब ढकलली की कागदात रुतते, ओढली की चालते. सुईचं बूड तुमच्यापासून लांब, टोक तुमच्याकडे. बुडाशी दाब द्या, खांद्यातून हात स्वतःकडे ओढत दाब कमी करत या, आणि शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला निब उचला.