देणगीदारांची माहिती सांभाळताना या चुका टाळा

लहान ख्रिस्ती सेवाकार्याचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि दोन-तीन स्वयंसेवक. तिथली माहिती हॅकरपेक्षा आपल्याच सवयींमुळे जास्त बाहेर जाते.

सर्वात नाजूक असते ती प्रार्थनेची विनंती. एखादी बहीण फोनवर सांगते, "मुलीचं लग्न मोडलं, प्रार्थना करा." कोणीतरी कळकळीने ते नावासकट ग्रुपवर टाकतं आणि रात्रीपर्यंत नागपुरात सदरपासून जरीपटक्यापर्यंत बातमी पोचते. ती बहीण पुन्हा मन मोकळं करत नाही. म्हणून विनंती घेतानाच विचारा, "फक्त पाळकसाहेबांना सांगू की प्रार्थना गटालाही? नाव घालू का?" उत्तर वहीत विनंतीसमोरच लिहा. ग्रुपवर 'एका बहिणीच्या कुटुंबासाठी' एवढं पुरतं; देवाला नाव ठाऊक आहे. आजार, कर्ज, घरातली भांडणं देणगीच्या यादीतल्या 'शेरा' रकान्यात कधीच लिहू नका. ती यादी हिशेबनीस, ऑडिटर, सगळ्यांच्या हातून फिरते.

सगळ्यांना एकाच ग्रुपात घेणं

व्हॉट्सअॅप ग्रुपात प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो. फक्त अॅडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग केलं, तरी नंबर दिसायचे ते दिसतातच. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा; एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि उत्तर फक्त तुम्हालाच येतं. 'मेसेज पोचतच नाही' अशी तक्रार आली, तर बहुधा त्या माणसाने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसतो. पावतीवर नंबर छापा आणि सेव्ह करायला सांगा. ईमेल पाठवताना सगळे पत्ते बीसीसीमध्ये घाला, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

आधारची झेरॉक्स मागणं

देणगीवरच्या आयकर सवलतीसाठी (८०जी) पॅन नंबर पुरतो, कार्डाची प्रत लागत नाही. ज्याला सवलत नको, त्याच्याकडे पॅनसाठी हट्ट धरू नका. कोणी आधार दिलंच, तर मास्क्ड आधार घ्या; त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. सीताबर्डीवर प्रिंट काढायला जाताना यादी दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली, की ती त्याच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहते. असे कागद ऑफिसच्याच प्रिंटरवर काढा.

एक्सेलचा रकाना लपवला म्हणजे झालं, असं समजणं

लपवलेला रकाना दोन क्लिकमध्ये उघडतो. 'प्रोटेक्ट शीट'ने माहिती बदलण्यापासून वाचते, वाचण्यापासून नाही. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड या मार्गाने कुलूप लावा. पासवर्ड विसरलात तर फाइल उघडणार नाही, म्हणून तो लिहून बंद पाकिटात खजिनदाराकडे द्या. पेन ड्राइव्हवर यादी नकोच. एखादा स्वयंसेवक काम सोडतो, त्याच दिवशी पासवर्ड बदला आणि व्हॉट्सअॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून त्याचा कॉम्प्युटर काढा.

देणाऱ्यांची नावं रकमेसह फलकावर लावण्याची पद्धत बंद करायला हवी. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये, हे आपणच शिकवतो. शिवाय काहींच्या घरी त्यांच्या विश्वासाबद्दल माहीत नसतं. अशा घरी संस्थेचं नाव छापलेलं पाकीट पोचलं, तर त्या माणसाला काय भोगावं लागेल याचा विचार करा. पावती पोस्टाने हवी, ईमेलने की हातात, हे प्रत्येकाला विचारा.

माहिती फुटल्यावर गप्प बसणं

लाज वाटते म्हणून लोक लपवतात आणि तेवढ्यात ठग तुमच्याच नावाने देणगी मागू लागतात. आधी पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. मग ज्यांची माहिती गेली, त्यांना त्याच दिवशी कळवा: नेमकं काय गेलं, संस्थेचा खरा खाते क्रमांक किंवा क्यूआर कोणता आणि ओटीपी कोणालाही देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यांत माहिती फुटल्यास बाधित व्यक्तींना विनाविलंब कळवणं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील देणं, ही तरतूद लागू झाल्यावर बंधनकारक असेल. हे कोण करणार, त्याचं नाव कमिटीच्या पुढच्या बैठकीतच ठरवा.