पावसाळ्यात प्रूफ नाणं सांभाळताना

प्रूफ नाणं म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग देऊन पाडलेलं नाणं. मुंबई टांकसाळीच्या 44 मिलिमीटर व्यासाच्या, 35 ग्रॅमच्या बहुतेक स्मारक नाण्यांत 50 टक्के चांदी असते, 40 टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. पावसाळ्यात त्रास देतं ते हे तांबं. दमट हवेत आरशासारख्या भागावर तपकिरी ठिपके उमटतात आणि धातूत मुरतात.

म्हणून कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक प्लास्टिकची डबी, विनाकारण उघडूच नका. उघडावीच लागली तर हातमोजे घाला, खाली जाड मऊ टॉवेल पसरा, नाणं फक्त कडेने धरा आणि त्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा बारीक तुषार आज दिसत नाही. काही महिन्यांनी तिथेच टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो.

मऊ, प्लास्टिकचा उग्र वास येणारी पीव्हीसी पाकिटं तर आजच टाकून द्या. त्यांच्यामुळे नाण्यावर चिकट हिरवट थर चढतो. थर ताजा असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं पाच मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या वाटीत ताज्या ॲसिटोनमध्ये खळबळा आणि न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी हवी, जवळपास गॅस किंवा निरांजन नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. त्यातलं तेल आणि सुगंध नाण्यावर राहतात. चिंच, टूथपेस्ट, चांदीची पावडर यांना तर हातही लावू नका. घासून गेलेला आरसा परत येत नाही.

कॅप्सूल हवाबंद डब्यात ठेवून सोबत ओलावा शोषणारं नारिंगी सिलिका जेल ठेवा. ते हिरवं पडलं की बदला.